विलंब आणि विचार

शासनाचे काम मंदगतीने चालते ही तक्रार शासनाइतकीच जुनी आहे. आणि ज्यांच्या नोकरीची उभी वर्षे फायलींच्या सहवासात गेली, असे आमचे वाचक तरी ती खोटी ठरविण्याचे धाडस करणार नाहीत. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जावयास कागदाला पंधरा दिवस लागावेत आणि तेवढ्या अवधीत एखाद्या विधवेचे निवृत्तिवेतन अडून राहावे, हा केवळ गैरसोयीचा प्रकार नव्हे. तो अन्याय होय. म्हणून कामाचा क्रम तपासावा, निरर्थक पायऱ्या गाळाव्यात आणि उरलेले काम शक्य तेथे यंत्राकडे सोपवावे, या आज सर्वमान्य झालेल्या विचाराला विरोध करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. या पायऱ्यांपैकी कोणती निव्वळ विलंबाची आणि कोणती विचाराची, हे ठरवावयाचे कसे?

1990 साली मायकेल हॅमर या अमेरिकन लेखकाने एका गाजलेल्या लेखात असे प्रतिपादन केले की, जुनी कार्यपद्धती जशीच्या तशी यंत्रावर चढविण्यापेक्षा तिच्यातील अनावश्यक भाग मुळातूनच काढून टाकावा. त्याने फोर्ड मोटार कंपनीच्या देयक विभागाचे उदाहरण दिले होते. खरेदीचा आदेश, माल पोचल्याची पावती आणि विक्रेत्याचे बिल हे तीन कागद जुळविण्यात तेथे पाचशेहून अधिक माणसे गुंतलेली होती. बिलाची गरजच नाही, आदेशाप्रमाणे माल आला की पैसे द्यावेत, असे ठरताच सुमारे तीन चतुर्थांश मनुष्यबळ वाचले. येथे गळालेली पायरी खरोखरच रिकामी होती. मोटारीचे सुटे भाग मोजण्यास कोणाच्या सदसद्विवेकाची आवश्यकता नसते.

परंतु हाच न्याय माणसांना लावला म्हणजे काय होते, हे ऑस्ट्रेलियाने अनुभवले आहे. तेथे बेकारांना व गरजूंना मिळणाऱ्या साहाय्याचा हिशेब पंधरवड्यागणिक होतो. प्राप्तिकर खात्याकडील उत्पन्नाशी त्याचा मेळ बसला नाही, तर पूर्वी अधिकारी तफावत तपासून पाहत आणि जरूर तेथे मालकाकडे विचारणा करीत. 2016 पासून ही पायरी बहुतांशी गाळण्यात आली. यंत्राने वर्षाचे उत्पन्न पंधरवड्यांत समान वाटावे, फरक दिसल्यास वसुलीची सूचना पाठवावी, आणि ती चूक असल्यास नागरिकाने तसे सिद्ध करावे, अशी व्यवस्था झाली. समजा, एका मनुष्याने तेरा पंधरवडे काम करून दर पंधरवड्यास दोन हजार डॉलर मिळविले आणि उरलेले तेरा पंधरवडे तो बेकार होता. यंत्राने भागाकार केला, सव्वीस पंधरवड्यांस प्रत्येकी एक हजार! बेकारीच्या काळात घेतलेले साहाय्य एका क्षणात लबाडीचे ठरले. अशी सरासरी कायद्यात बसत नाही, असे मत खात्यातील कायदेतज्ज्ञांनी 2014 मध्येच दिले होते. तरीही योजना चालली. 2019 च्या नोव्हेंबरात एका खटल्यात शासनाला हार मानावी लागली, 2020 मध्ये सुमारे 4 लाख 70 हजार वसुल्या परत करण्याचे जाहीर झाले, आणि 2023 च्या जुलैमध्ये चौकशी आयोगाने या योजनेचे कठोर शब्दांत वाभाडे काढले.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, यात यंत्राची बुद्धिमत्ता कोठेच नव्हती. होता तो शाळकरी मुलाला येणारा भागाकार. अनर्थ घडला तो विचारणारा माणूस मधून उठून गेल्यामुळे. कागदावर त्याची पायरी विलंब म्हणून नोंदलेली असणार. वस्तुतः न्याय तेथेच वसत होता.

गीतेने अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगताना कर्ता आणि करण ही दोन वेगळी ठेवली आहेत. यंत्र हे करण. ते कितीही चतुर झाले तरी कर्तेपण त्याच्याकडे जात नाही. पण आपली कचेरीची भाषा कर्त्याला लपविण्यात पूर्वीपासूनच निष्णात आहे. ‘असे आढळून आले आहे’, ‘कळविण्यात येत आहे’, या वाक्यांत आढळले कोणास आणि कळवितो कोण, याचा पत्ता लागत नाही. यंत्राने या कर्मणि प्रयोगाला केवळ पूर्णत्व आणले, इतकेच.

आता तर अर्जाचा सारांश काढणारे, टिपणीचा मसुदा रचणारे, अनुवाद करून देणारे बुद्धिमान साहाय्यक टेबलावर येऊन बसले आहेत. परप्रांती नेमणूक झालेल्या मराठी अधिकाऱ्याला हे विशेष उपकारक वाटेल. ओडिया किंवा असमिया अर्ज त्याला क्षणात समजू लागतो. पण पेशकाराने बोट ठेवले तेथे सही करणारा साहेब आपण सर्वांनी पाहिला आहे. पेशकाराला निदान कारण विचारता येत असे, आणि त्याला डोळे चुकवावे लागत. हा नवा पेशकार डोळे चुकवीत नाही. चुकीचा सारांशही तो तितक्याच सफाईने देतो.

यावर कोणी म्हणेल की, यंत्र लाच मागत नाही, जात पाहत नाही, ताटकळत ठेवीत नाही. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मधल्या माणसाच्या मर्जीने किती जणांचे नुकसान झाले, हे आपण जाणतो. मात्र ज्या पूर्वीच्या निर्णयांवरून यंत्र शिकते त्यांत पक्षपात असेल, तर तोही ते शिकते. शिवाय माणसाच्या अन्यायाविरुद्ध निदान दाद मागता येते. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने बाधित व्यक्तीला प्रशासकीय निर्णयाची कारणे देण्याचे कर्तव्य शासनसंस्थांवर टाकले आहे. ‘यंत्राने तसे सांगितले’ हे कारण नव्हे.

आमच्या मते कसोटी साधी आहे. ज्या पायरीवर कोणी ‘नाही’ म्हणू शकत नव्हता, ती खुशाल गाळावी. जेथे एखाद्याच्या पोटाचा, घराचा वा अब्रूचा प्रश्न आहे, तेथे थांबण्याचा अधिकार असलेला माणूस राहिलाच पाहिजे. आणि त्याला मूळ कागद पाहण्यास पुरेसा वेळ दिला पाहिजे, कारण दिवसाला पाचशे प्रकरणे ज्याच्या पुढे ढकलली जातात तो माणूस नावापुरताच उरतो. उद्या असा साहाय्यक आपल्या कचेरीत येईल तेव्हा त्याने किती वेळ वाचविला, हे वरिष्ठ विचारतीलच. वाचलेल्या वेळात आपण किती मूळ अर्ज उघडून वाचले, हे मात्र आपले आपणच विचारावयाचे आहे.