जुनी गाणी आणि आमचा न्याय

सर्जापूर रोडच्या परिसरात राहणारी मराठी मंडळी गेली काही वर्षे एका भाड्याच्या सभागृहात गणेशोत्सव साजरा करीत आली आहेत. गतवर्षी संगीताच्या कार्यक्रमासाठी आलेल्या नावांतून निवड करणाऱ्या तिघांत आमचीही नेमणूक झाली. आम्ही केंद्र सरकारच्या सेवेतील कारकून. कोरमंगलाच्या केंद्रीय सदनात बसून कागदावर टिपणी लिहिणे आणि तो वर पाठविणे यात आमचा दिवस जातो. तेव्हा अर्ज स्वीकारण्याचे व फेटाळण्याचे काम आम्हांस साधेल, असे मंडळींस वाटले असावे. कार्यक्रमाचे नाव आधीच ठरून गेले होते : 'सुवर्णकाळ'. भावगीते, नाट्यपदे आणि जुन्या चित्रपटांतील गाणी, एवढाच त्याचा पल्ला.

अशात लातूरकडचा एक तरुण आला. वय चोवीस-पंचवीस, नोकरी संगणकाची, राहणे कसवनहळ्ळीच्या बाजूस चार मुलांत मिळून. त्याने स्वतः शब्द रचून, यंत्रावर ठेका बांधून एक गाणे तयार केले होते. गाणे म्हणजे ज्यास हल्ली रॅप म्हणतात ते. भाषा मात्र त्याच्या गावाकडची मराठी. आम्ही त्यास सौजन्याने सांगितले की, कार्यक्रमाच्या स्वरूपात हे बसणार नाही. तो क्षणभर उभा राहिला, मग म्हणाला, "दादा, निदान एकदा ऐकून तरी घ्यायचं होतं." आणि निघून गेला.

त्याचे म्हणणे खरे होते. आम्ही ते ऐकले नव्हते.

पूर्वीची गाणी आजच्यापेक्षा खरोखरच सरस होती काय, हा प्रश्न सामान्यतः आवडीनिवडीचा मानला जातो आणि चहाच्या पेल्याबरोबर सोडून दिला जातो. त्या दिवसापासून आम्हांस तो आवडीचा न वाटता न्यायाचा वाटू लागला आहे. सोने कोणते हे ठरविणारा मनुष्य पितळ कोणते हेही ठरवीत असतो, आणि त्या पितळामागे कोणीतरी जिवंत माणूस उभा असतो.

प्रथम स्वतःचीच झडती घेऊ. ज्या सुवर्णकाळाचा आम्ही कैवार घेतला तो आम्ही पाहिलेला नाही. आमचा जन्म १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरचा. सोलापुरात वडिलांच्या टेपरेकॉर्डरवर, सेलो गुंडाळून-गुंडाळून जाड झालेल्या ध्वनिफितींवर, आम्ही गजानन वाटवे, सुधीर फडके, माणिक वर्मा ऐकले. म्हणजे आमची ही ओढ वारशाने आलेली; घरच्या पितळी समईसारखी. आमच्या कुमारवयातली गाणी वडिलांना कशी वाटत? रेडिओ लागला की ते उठून आवाज कमी करीत आणि "हा काय गोंधळ!" एवढेच म्हणत. आज आमच्याच वयाचे सहकारी १९९० नंतरच्या त्याच गाण्यांविषयी असे गहिवरून बोलतात, की वडिलांनी बंद केलेला तो गोंधळ आणि हे अमृत एकच होते यावर विश्वास बसू नये. आमचे घरमालक कन्नड, सेवानिवृत्त शिक्षक. सकाळी त्यांच्याकडे डॉ. राजकुमारांची गाणी लागतात, आणि जिन्यात भेट झाली की त्यांची तक्रार ठरलेली : कन्नड गाणे राजकुमारांबरोबर संपले. राजकुमार २००६ मध्ये गेले. नावे बदलली की तक्रार आमच्या वडिलांचीच. मानसशास्त्रज्ञ सांगतात की पंधरा ते पंचवीस या वयात कानी पडलेले गाणे मनुष्याच्या स्मृतीत विशेष घट्ट रुजते. त्यांनी न सांगते तरी आमच्या जिन्याने ते सांगितलेच असते.

परंतु या प्रश्नात आम्हांस सर्वांत अधिक अंतर्मुख केले ते एका मराठी माणसाच्या उदाहरणाने. डॉ. बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. पुण्याचा जन्म, शास्त्रीय संगीताची खरी जाण आणि खरे प्रेम. चित्रपटगीते हीन अभिरुचीची, पाश्चात्त्य ठेक्यांची उसनवारी करणारी आणि रागसंगीताच्या मुळावर येणारी आहेत, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. १९५२ मध्ये आकाशवाणीवरून चित्रपटगीते आधी आटली आणि मग जवळजवळ नाहीशीच झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तेथे त्याच वर्षी बिनाका गीतमाला सुरू झाली होती. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढून सरकारला आपलीच पावले मागे घ्यावी लागली.

आता वाचकांनी थोडे थांबून विचार करावा, की केसकरांनी दाराबाहेर ठेवलेली गाणी ती कोणती होती? नौशाद, अनिल विश्वास, शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, सी. रामचंद्र यांची, लता मंगेशकर, रफी, तलत महमूद यांच्या ऐन बहरातली! ज्या वर्षांस आज आम्ही सुवर्णकाळ म्हणतो, नेमकी तीच वर्षे त्या काळातल्या एका सुशिक्षित, सुसंस्कृत, संगीतज्ञ गृहस्थास अधोगतीची वाटली होती. सी. रामचंद्रांचेच पाहा. हे पुणतांब्याचे चितळकर. १९५१ च्या 'अलबेला'त त्यांनी गोव्याकडच्या वादकांना हाताशी धरून परदेशी नृत्याचे ठेके मनसोक्त वाजविले. बारा वर्षांनी, २७ जानेवारी १९६३ रोजी, दिल्लीत लताबाईंनी जे गीत गायिले आणि ज्याने नेहरूंसारख्याचे डोळे ओलावले, त्याची चालही याच रामचंद्रांची. थिल्लर आणि गंभीर यांची घरे वेगळी असतात हा समज एका चितळकरांनीच खोटा पाडला.

केसकरांची थट्टा करणे सोपे आहे. ती पुष्कळांनी केली. आम्ही ती करणार नाही. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला तो त्यांच्याच कारकीर्दीत. चित्रपटगीतांस पर्याय म्हणून आकाशवाणीने सुगम संगीतास जे पाठबळ दिले, त्यातून मराठी भावगीतास एक हक्काचे घर मिळाले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून 'गीतरामायणा'चे पहिले गीत ध्वनिक्षेपित झाले. वर्षभर चाललेली माडगूळकर-फडक्यांची ती छप्पन्न गीते त्याच नभोवाणीची देणगी. म्हणजे त्यांनी जे उभे केले ते टिकले. चुकले ते एकाच ठिकाणी : जे उभे करावयाचे त्यासाठी दुसऱ्यास बाहेर काढलेच पाहिजे असे त्यांना वाटले. आमच्या तिघांच्या समितीस मंत्रिपद नव्हते, एवढाच काय तो फरक.

प्लेटोनेही आपल्या आदर्श राज्यात नव्या प्रकारच्या गाण्यास मज्जाव करावा असे म्हटले आहे, कारण गाण्याची रीत बदलली की राज्याची रीत ढळते. केसकर निदान फार जुन्या संगतीत होते.

काळाची चाळण हा या वादातला नेहमीचा मुद्दा, आणि तो खराच आहे, म्हणून त्यावर अधिक रेंगाळत नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या त्या काळ्या तबकड्या हजारोंनी निघाल्या. त्यांतली शे-दोनशे गाणी आम्ही ओळखतो. उरलेली जुन्या बाजारात तुकड्यांच्या भावाने गेली. आजचे मात्र चाळले न गेलेले सारेच धान्य, खड्यांसकट, रोज आमच्या ताटात पडते. निवडलेल्या तांदळाची न निवडलेल्याशी तुलना करून शेतकऱ्यास दोष देणे शहाणपणाचे नव्हे.

पण ही चाळण कोणाच्या हातात होती, हे मात्र क्वचितच विचारले जाते. 'सुवर्णकाळ' या आमच्या कार्यक्रमाची यादी आम्ही पुन्हा काढून पाहिली. तीत चंद्र होता, प्राजक्त होता, विरहिणी होती. वामनदादा कर्डक नव्हते. प्रल्हाद शिंदे नव्हते, विठ्ठल उमप नव्हते, अमर शेख नव्हते. हे सारे त्याच दशकांतले, आणि लोकप्रियता हाच निकष असेल तर गावोगावच्या मैदानांत रात्र-रात्र ऐकले गेलेले. वामनदादांनी आंबेडकरांची चळवळ गाण्यांतून ज्या घरांत पोचविली, त्या घरांत पुस्तके पोचली नव्हती. तरीही आमच्या तिघांपैकी कोणास ही नावे सुचली नाहीत. त्यात द्वेष नव्हता. आमच्या वडिलांच्या ध्वनिफितींत ती नव्हती, इतकेच. म्हणजे आम्ही ज्यास मराठी गाण्याचा सुवर्णकाळ म्हणत होतो तो मुख्यतः एका वर्गाच्या दिवाणखान्यातला काळ होता. त्या दिवाणखान्याबद्दल आम्हांस प्रेम आहे, पुढेही राहील. पण त्याच्या भिंती म्हणजे महाराष्ट्राच्या सीमा नव्हेत.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग सारे गाणे सारखेच. जुने-नवे हा भ्रम. असे आम्हांस म्हणावयाचे नाही. आमच्या कानांवर आमचा एवढाही अविश्वास नाही. काही गोष्टी खरोखर बदलल्या आहेत. २०१२ मध्ये स्पेनमधील काही संशोधकांनी १९५५ ते २०१० या काळातली पाश्चात्त्य लोकप्रिय गीते फार मोठ्या संख्येने यंत्राद्वारे तपासली. स्वरांच्या मांडणीतले वैविध्य उतरत गेले, नादाचे रंग एकसारखे होत गेले आणि आवाज चढत गेला, असे त्यांस आढळले. हे मराठी गाण्यास जसेच्या तसे लावता येणार नाही. पण चढत्या आवाजाविषयी सर्जापूर रोडवरील कोणत्याही लग्न-कार्यालयाचा शेजारी साक्ष देईल.

भावगीताविषयी बोलावयाचे तर त्याचे बळ, आमच्या मते, चालीपेक्षा शब्दांत होते, आणि त्याला कारण आहे. भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी. ते १९४१ मध्ये वारले. त्यांच्या कविता लताबाईंच्या कंठातून घरोघर गेल्या त्या त्यानंतर कित्येक वर्षांनी. म्हणजे शब्द आधी कवितेच्या कसोटीस उतरून, वर्षानुवर्षे छापील पानावर मुरून मग चालीस भेटत. आज बहुधा ठेका आधी येतो आणि शब्दांस त्याच्या मापाने कापून घ्यावे लागते. अशा रीतीनेही उत्तम गाणे होते, पण त्यास योग अधिक लागतो. गायक आणि वादक एका खोलीत, एका वेळी बसून गात-वाजवीत तेव्हा एकाची चूक सर्वांची होई. आज प्रत्येकाची चूक वेगळी पुसता येते, आणि १९९७ नंतर तर बेसूर गळ्यास सुरात आणणारे यंत्रही मिळाले. जुन्या मुद्रणांत श्वास ऐकू येतो, कुठे तबला किंचित पुढे जातो. त्या किंचितपणावर आमचे प्रेम आहे. ते लपविण्याचे कारण नाही.

आणि ऐकणे बदलले. ते तर सर्वाधिक. 'गीतरामायणा'चे नवे गीत आठवड्यास एक येई. घरातली कामे त्याच्या वेळेभोवती आखली जात. आज आमच्या हातातील यंत्रात कोट्यवधी गाणी आहेत, आणि आम्ही त्यांतले एखादे अर्धे ऐकून पुढचे लावतो. बटाटे चिरताना, फाइल उघडताना, बसमध्ये कोणाशी बोलावे लागू नये म्हणून आम्ही गाणे लावतो. इतक्या निष्काळजी कानांसमोर तांब्यांचे शब्द आज प्रथमच आले असते तर ते तरी टिकले असते काय, याची आम्हांस शंका आहे. गाण्यावर आम्ही जो आरोप ठेवतो त्यातला निदान अर्धा आमच्या कानांवर ठेवावयास हवा.

त्या तरुणाचे गाणे आम्ही पुढे ऐकले. उत्सव संपून महिना झाला होता. इब्लूरच्या चौकात आमची बस पाऊण तास अडकली होती, बाहेर पाऊस. त्याने आधीच पाठवून ठेवलेले ते गाणे आम्ही प्रथमच उघडले, आणि प्रायश्चित्त म्हणून दुसरे काहीही न करता पुरे ऐकले. सव्वातीन मिनिटे, जुन्या तबकडीच्या एका बाजूएवढे. खरे सांगावयाचे तर ठेका सामान्य होता, तो आम्ही शंभर ठिकाणी ऐकला आहे. पहिल्या कडव्यात उसना आव होता. पण मधल्या कडव्यात एकाएकी त्याची आई आली. एस.टी.च्या स्थानकावर उभी, मुलगा कोणत्या गावी कशाचे काम करतो हे शेजारणीस नीट सांगता येत नाही म्हणून गाडीच्या पाटीकडे पाहत राहिलेली. पुढे शिक्षणकर्जाचा हप्ता, कोरड्या विहिरीचे नाव, आणि तलावाकाठच्या उंच इमारतीतल्या खिडकीत उभा राहून तो तिला फोनवर सांगतो की इथे पाऊस फार आहे. हे कोणत्याही भावगीतात आम्ही ऐकले नव्हते. ऐकले नव्हते, कारण ते त्या काळी कोणाच्या आयुष्यात नव्हतेच. आम्ही ते दुसऱ्यांदा लावले. मधल्या कडव्यापर्यंतच.

यंदाच्या उत्सवाची पहिली बैठक झाली. आम्ही सवयीप्रमाणे एक टिपणी लिहून नेली : कार्यक्रमाचे नाव बदलावे, वामनदादांची व उमपांची गाणी म्हणू शकेल असे कोणी आपल्यात आहे काय याचा शोध घ्यावा, आणि कोणताही अर्ज ऐकल्यावाचून फेटाळू नये. पहिल्या मुद्द्यास विरोध झाला; 'सुवर्णकाळ'चा फलक छापून तयार आहे, असे खजिनदारांनी सांगितले. दुसऱ्यावर कोणी बोलले नाही. तिसरा मंजूर झाला. त्या तरुणास आम्ही फोन केला. तो आता व्हाइटफील्डच्या बाजूस राहावयास गेला आहे. संध्याकाळी तेथून येथे येणे म्हणजे दोन तास. "बघतो दादा," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने त्याने विचारले, "तुम्ही ऐकलंत का ते?"

आम्ही हो म्हणालो. मधल्या कडव्याविषयी सांगितले, आणि ठेक्याविषयीही. तो हसला. म्हणाला, ठेका त्यालाही आता आवडत नाही.