आभार कोणाचे, आणि कशासाठीं?

कोणताही सार्वजनिक समारंभ आटोपला म्हणजे आभार मानण्याची वेळ येते, व त्याच वेळीं बहुतेक श्रोते उठून आपल्या चपला शोधूं लागतात. हा शेवटचा विधि केवळ रीत म्हणून उरकावयाचा असतो अशी सर्वांची समजूत आहे. परंतु ज्यानें ख्रिस्ताचें नांव घेतलें आहे त्याच्यापुढें या विधींत एक खरा प्रश्न उभा राहतो. दान गुप्त असावें असें प्रभूनें शिकविलें. मग दात्याचें नांव चारचौघांत घेणें बरें काय? आणि ज्यानें पैसा दिला व ज्यानें घाम गाळला, त्या दोघांचे आभार कोणत्या मापानें मानावे? या प्रश्नाचा विचार आज आम्ही एका दूरच्या उदाहरणावरून करूं इच्छितों. उदाहरण मासे धरण्याच्या स्पर्धेचें आहे. आणि ज्यांच्या प्रभूनें आपले पहिले शिष्य जाळीं टाकणाऱ्या लोकांतून निवडले, त्यांस तें अगदींच परकें वाटूं नये.

यूरोप व अमेरिका या खंडांतील थंड, वाहत्या नद्यांत ट्राउट नांवाचा मासा असतो. पाण्यावर उतरणारे लहान कीटक हें त्याचें एक मुख्य खाद्य होय. त्यास धरण्यासाठीं गळास गांडूळ न लावतां, पिसें, केस व दोरा गुंडाळून गळाचीच एक खोटी माशी बनवितात. ही माशी इतकी हलकी असते कीं नुसती फेकली तर ती दूर जात नाहीं. म्हणून जाड व वजनदार दोरीस काठीनें झोला देऊन त्या दोरीच्या जोरावर ती पाण्यावर अलगद उतरवितात. या कामास दंडाच्या बळापेक्षां सराव व धीर अधिक लागतो.

या कलेच्या स्पर्धा भरतात. पहिली जागतिक स्पर्धा १९८१ सालीं लक्झेंबुर्ग देशांत झाली. अशा स्पर्धेंत नदीचे भाग पाडून प्रत्येक स्पर्धकास एकेक भाग नेमून देतात, व त्याच्याजवळ एक तपासनीस उभा करितात. मासा सांपडला कीं तपासनीस त्याची लांबी मोजतो, कागदावर टिपतो, आणि मासा जिवंतपणीं पाण्यांत सोडला जातो. माशास फार इजा होऊं नये म्हणून गळास उलटा कांटा नसावा असा नियम आहे. आतां पाहा: मासा तर परत नदींत गेला, कोणीं किती धरले याचा पुरावा त्या टिपणाखेरीज दुसरा उरत नाहीं. तीन तीन तास थंडींत किंवा पावसांत उभें राहून, स्वतः एकदांही गळ न टाकतां, दुसऱ्याचा मासा प्रामाणिकपणें मोजणारीं हीं माणसें बहुधा त्याच मुलखांतील स्वयंसेवक असतात. विजेत्याच्या गळ्यांत पदक पडतें. पण तें पदक खरें आहे ही साक्ष यांची असते.

दुसऱ्या बाजूस पैसा देणारे आश्रयदाते असतात. अमेरिकेंतील वायोमिंग संस्थानांत स्नेक नदीवर १९८६ सालीं एक स्पर्धा सुरू झाली. तींत स्पर्धकानें सबंध दिवस एकाच माशीवर काढावयाचा असतो. ती तुटली किंवा हरवली कीं त्याची त्या दिवसाची गणती संपली. त्या स्पर्धेच्या निमित्तानें जमलेला पैसा नदीनाल्यांच्या सुधारणेकडे लावण्यांत आला, अशासाठीं कीं माशांस अंडीं घालण्यास निवांत व स्वच्छ पाणी मिळावें. दुसरें उदाहरण याहून हृदयास भिडणारें आहे. वॉशिंग्टन येथें त्या काळीं असलेल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयांत, इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांत जायबंदी झालेल्या शिपायांस ही कला शिकविण्याचें काम आरमारांतील एका निवृत्त अधिकाऱ्यानें २००५ सालीं आरंभिलें. ज्यांनीं युद्धांत हातपाय गमावले होते त्यांस स्वयंसेवक माशी बांधावयास व दोरी फेकावयास शिकवूं लागले. या कार्याच्या साह्यार्थ व्हर्जिनिया संस्थानांत रोझ नदीच्या कांठीं स्पर्धाही भरल्या.

स्पर्धा कोठेंही असो, ती संपल्यावर आभाराचें एक पत्रक निघतें. अमक्या पेढीनें इतकी रक्कम दिली, तमक्या दुकानानें बक्षिसासाठीं काठ्या दिल्या, असा तपशील त्यांत असतो. आणि पुष्कळदां अगदीं शेवटीं एका ओळींत ‘सर्व स्वयंसेवकांचेही आभार’ इतकेंच असतें. आमचा प्रश्न याच पत्रकाविषयीं आहे.

प्रथम पैसा देणाऱ्याचा विचार करूं. आपल्या नांवाची पाटी नदीकांठीं लागावी या कराराखालीं जो दुकानदार पैसा देतो, त्यानें सौदा केला आहे. सौदा करणें पाप नव्हे. उघड व सचोटीचा सौदा ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्यास दान म्हणूं नये. पाटी लागली, गिऱ्हाईक आलें, त्याचें येणें फिटलें. त्यानें शब्द पाळला याबद्दल त्याचे आभार अवश्य मानावे. पण दानशूर ही पदवी त्यास दिल्यानें त्याचीही फसवणूक होते व आपलीही. कर्णा वाजवून दानधर्म करणाऱ्यांविषयीं प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत जें सांगितलें त्याचा मथितार्थ हाच आहे. ज्यास माणसांकडून वाहवा हवी होती त्यास ती मिळाली. त्याचा हिशेब पुरा झाला. प्रभु त्याचा पैसा परत करीत नाहीं. तो त्यास फक्त पावती दाखवितो.

पण जो पाटी न मागतां खरोखर देतो, त्याचें नांव घ्यावें कीं नाहीं? कित्येक भाविक म्हणतात, घेऊं नये. जें त्याच्या डाव्या हातासही कळावयाचें नाहीं तें आपण साऱ्या गांवास कां कळवावें? हा आक्षेप दिसण्यांत धार्मिक आहे, परंतु त्यांत एक गल्लत आहे. तो उपदेश देणाऱ्यास केलेला आहे, घेणाऱ्यास नव्हे. देणाऱ्यानें विसरावें, घेणाऱ्यानें विसरूं नये.

लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायांत हे दोन्ही धडे शेजारीं शेजारीं आहेत. शेतांत नांगर हांकून घरीं आलेल्या दासाचा दृष्टांत वाचा. धन्यानें आपले आभार मानावे अशी अपेक्षा त्यानें धरूं नये. सर्व काम करूनही, आपण आपलें कर्तव्य तेवढें केलें, असेंच त्यानें म्हणावें. आणि लगेच पुढें दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहा जण बरे झाले, परत एकच आला, आणि तोही शोमरोनी. तेव्हां प्रभूनें बाकीच्या नवांची चौकशी केली. एकीकडे, आभाराची वाट पाहूं नको. दुसरीकडे, आभार न मानणारा उणा पडला. या दोहोंत विरोध नाहीं. सावकाराच्या व्यवहारांत एकाच्या वहींत जें देणें तेंच दुसऱ्याच्या वहींत येणें असतें. देवाच्या राज्यांतील वही निराळी आहे. तेथें उपकाराचें ऋण माझ्या पानावर लिहिलेलें असतें, पण शेजाऱ्याच्या पानावर तें येणें म्हणून मांडलेलें नसतें. म्हणून त्यानें मागूं नये, आणि मीं चुकवूं नये.

त्या नऊ जणांचें गेलें तरी काय? त्यांचें आरोग्य प्रभूनें काढून घेतलें असें लिहिलेलें नाहीं. ते बरे झाले. पण ज्यानें त्यांस बरें केलें त्याच्या पायांशीं ते पुन्हां आले नाहींत. कृतघ्न मनुष्यास वस्तु मिळते, देणारा मिळत नाहीं. हेंच त्याचें मोठें नुकसान.

आतां श्रम करणाऱ्यांकडे वळूं. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय पुष्कळ उपदेशक वगळतात. नुसती नांवांची यादी, तींतून बोध कोणता काढावा? आमच्या मतें आभार कसे मानावे याचा त्याहून चांगला नमुना नाहीं. पहिलें नांव फिबीचें आहे. ती किंख्रिया येथील मंडळीची सेविका, आणि त्याबरोबरच पुष्कळांची, व खुद्द पौलाचीही, आश्रयदाती. मूळ ग्रीक भाषेंत तिच्यासाठीं जो दुसरा शब्द घातला आहे तो त्या काळीं पैशानें व वजनानें इतरांचा सांभाळ करणाऱ्यांस लावीत. स्वयंसेविका व आश्रयदाती हीं दोन्ही पदें एकाच बाईच्या ठायीं होतीं, आणि पौलानें सेविका हें पद आधीं लिहिलें. पुढें प्रिस्का व अक्विला यांचीं नांवें आहेत; त्यांनीं पौलासाठीं आपला जीव धोक्यांत घातला. मरीयेनें पुष्कळ श्रम केले. त्रुफैना व त्रुफोसा प्रभूमध्यें श्रम करणाऱ्या. ज्यानें तें पत्र हातानें लिहिलें त्या तर्तियाचाही नमस्कार त्यांत आला आहे. कोणाच्याही नांवापुढें रक्कम नाहीं. पुष्कळांच्या नांवापुढें त्यांचें काम आहे.

त्या स्पर्धेच्या पत्रकासही हीच कसोटी लावावी. अमक्या पेढीनें इतके डॉलर दिले, याच्या शेजारीं, अमक्यानें पहाटेच्या थंडींत उभें राहून मासे मोजले, असें लिहिलें तर पत्रक खरें झालें. मंडळींत सोन्याची अंगठी घातलेल्यास मानाची जागा देऊन दरिद्री मनुष्यास पायांशीं बसविणाऱ्यांस याकोबानें दोष दिला आहे. यादींतही मानाची जागा व पायांशींची जागा असते. पैसा देणारा पुष्कळदां उरल्यांतून देतो. वेळ देणारा आपल्या आयुष्याचा एक दिवस देतो, व तो त्यास पुन्हां मिळवितां येत नाहीं. तथापि श्रीमंताचा तिरस्कार करून गरिबाचा गौरव करणें हाही पक्षपातच होय. पैशावांचून त्या जायबंदी शिपायांस नदीपर्यंत नेणारी गाडी हलली नसती. विधवेच्या दोन टोल्या पाहून प्रभूनें श्रीमंतांचें दान परत करावयास सांगितलें नाहीं. त्यानें मोजण्याचें माप तेवढें बदललें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. ज्यास नाहीं म्हणण्याची मोकळीक आहे तोच स्वयंसेवक. आपल्यांपैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस वेठ ठाऊक होती: निरोप आला कीं हातचें काम टाकून धांवावें, ओझें वाहावें, सरपण फोडावें. महार वतनासारखीं कनिष्ठ गांव-वतनें मुंबई राज्यानें १९५८ च्या कायद्यानें रद्द केलीं. परंतु वेठीची वृत्ति कायद्यानें मरत नाहीं. ज्या गरिबास नकार देण्याचें धैर्य नाहीं त्याजकडून फुकट राबवून घ्यावें, आणि शेवटीं त्याच्या गळ्यांत हार घालावा, ही मजुरी बुडविण्याची सोज्वळ रीत आहे. जेथें मजुरी देणें न्याय्य तेथें आधीं मजुरी द्यावी, आणि मग आभारही मानावे. उघड्या व भुकेल्या भावास गोड शब्दांनीं निरोप देणाऱ्यांविषयीं याकोबानें जें लिहिलें तें येथेंही लागू आहे.

आपल्या मंडळ्यांत अशा स्पर्धा होत नाहींत. पण पहिल्या फळांचा सण होतो, नाताळाचें प्रीतिभोजन होतें, उपासनामंदिराचें छप्पर बदलावें लागतें. तेथेंही वर्गणीदारांचीं नांवें फळ्यावर चढतात. आणि ज्या बाईनें दोन दिवस विहिरीचें पाणी वाहिलें, अथवा रात्रीं उशिरापर्यंत भांडीं घासलीं, तिचें नांव राहून जातें. ती कांहीं बोलत नाहीं. फक्त पुढच्या सणास ती दिसत नाहीं, आणि पंच म्हणतात, अलीकडे लोकांत उत्साह उरला नाहीं.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे कीं, आभार मानावयाचे ते कामाचें नांव घेऊन मानावे. आधीं त्या माणसाच्या दारीं जाऊन मानावे, मग सभेंत. यादी रकमेच्या क्रमानें लावूं नये. आणि जो आपलें नांव घेऊं नका म्हणतो त्याची इच्छा मोडूं नये. त्याच्याबद्दल देवापुढें एकांतीं उपकारस्तुति करावी, म्हणजे त्याचें गुप्त दान गुप्तच राहील व आपलें ऋणही चुकणार नाहीं.

इतकी काळजी घेऊनही एखादें नांव राहणारच. यादी करणारा मनुष्य आहे. पौल बंदींत असतां फिलिप्पैकरांनीं एपफ्रदीताच्या हातीं त्यास मदत पाठविली. आपल्या पत्राच्या चौथ्या अध्यायांत पौल तिचा आनंदानें उल्लेख करितो, व आपणांस देणगीपेक्षां देणाऱ्यांच्या हिशेबीं जमा होणारें फळ अधिक हवें आहे असें कळवितो. त्याच अध्यायांत तो क्लेमेंताचें नांव घेतो व आणखी कित्येक सहकाऱ्यांचा उल्लेख करितो. त्यांचीं नांवें तो लिहीत नाहीं. तीं जीवनाच्या पुस्तकांत आहेत एवढेंच सांगतो. आपली यादी अपुरी आहे हें पौलासही ठाऊक होतें. पांच भाकरी व दोन मासे ज्या मुलाजवळ होते त्याचेंही नांव शुभवर्तमानांत नाहीं, तरी पांच हजार लोक तृप्त झाले.

म्हणून, बंधुभगिनींनो, आपल्या हातून कोणाचें नांव राहूं नये यासाठीं झटावें. आणि आपलें राहिलें तर, ज्याच्या पुस्तकांत तें आहे त्याच्याकडे पाहून, पुढच्या सणास पुन्हां घागर उचलावी.