विद्यार्थ्यांची साक्ष

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीतून रोज एसटीने कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींचे विद्यापीठ नांदेडला, विष्णुपुरीत आहे. पदवी हातात पडेपर्यंत त्यांतल्या बहुतेकांना तिथे जाण्याचा प्रसंगच येत नाही. विद्यापीठ त्यांना भेटते ते कॉलेजच्या कार्यालयाच्या खिडकीत, ग्रंथालयात, प्रयोगशाळेत आणि वर्गातल्या एखाद्या तासाला. घरात आधी कुणी पदवीपर्यंत पोहोचलेले नसेल, तर शिक्षण टिकणार की सुटणार हे बऱ्याचदा याच भेटींवर ठरते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, पण उत्पन्नाचा दाखला जुना निघाला किंवा बँक खाते आधारशी जोडलेले नव्हते म्हणून तो परत आला आणि मुदत तर संपत आली आहे. अशा वेळी ‘उद्या ये’ म्हणणारा कारकून आणि ‘बस, काय अडलंय ते बघू’ म्हणणारा कारकून यांच्यामुळे एखाद्या मुलीचे अख्खे वर्ष वाचते किंवा बुडते.

कोणाच्या कामामुळे काय वाचले, हे पक्के ठाऊक असते ते त्या मुलीला. आणि आपल्या व्यवस्थेत तिला ते कुणी विचारत नाही.

उच्च शिक्षणातला गौरव आपल्याकडे वरून खाली येतो. विद्यापीठे उत्कृष्ट शिक्षक आणि उत्कृष्ट शिक्षकेतर कर्मचारी असे पुरस्कार देतात. त्यासाठी प्रस्ताव मागवतात, शोधनिबंध, प्रमाणपत्रे आणि छायाचित्रांनी भरलेली फाइल जाते, समिती ती पाहते. ५ सप्टेंबरच्या राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराचे दार उच्च शिक्षणातल्या शिक्षकांसाठी २०२३ मध्ये उघडले. त्या वर्षीच्या ७५ मानकऱ्यांत ५० शालेय शिक्षक होते, तर उच्च शिक्षणातले १३. हे चांगलेच झाले. पण फाइल ज्याला करता येते त्याचेच काम फाइलमध्ये दिसते. वर्ग सुटल्यावर मागच्या बाकावरच्या मुलाला अर्धा तास समजावून सांगणाऱ्या शिक्षकाकडे त्याचे प्रमाणपत्र नसते. प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालयातला शिपाई किंवा वसतिगृहाची सेविका यांच्याकडे तर फाइलच नसते.

वास्तविक मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाचा इतिहास विद्यार्थ्यांनी ओळखलेल्या शिक्षकांचा इतिहास आहे. निजामाच्या राज्यात मराठी मुलाला उच्च शिक्षणासाठी सहसा हैदराबाद गाठावे लागे आणि उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. १९५० मध्ये औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज, म्हणजे पुढचे मिलिंद महाविद्यालय, निघाले आणि त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. मिलिंदमध्ये म. भि. चिटणीस, म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे अशी माणसे होती. पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’मधून लिहिणाऱ्यांची एक पिढी उभी राहिली. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर मराठी शिकवत आणि पुढे तिथलेच प्राचार्य झाले. त्यांचे जन्मगाव नांदापूर तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव मराठवाड्यात आजही घेतले जाते, कारण त्यांच्यासमोर बसून ऐकलेल्या माणसांनी ते लावून धरले. आणि १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते होण्याआधी हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या राष्ट्रीय शाळांमध्ये शिक्षक होते.

पण ही ओळख थोरांपुरती उरली. कुरुंदकरांच्या पातळीचा वक्ता नसलेल्या, तरी आयुष्यभर नेकीने शिकवलेल्या शिक्षकाचे काय? त्याच्या वाट्याला सेवापूर्तीचा सोहळा येतो. शाल, श्रीफळ आणि सहकाऱ्यांची भाषणे होतात. अलीकडे दहावीच्या जुन्या तुकड्या एकत्र येऊन आपल्या गुरुजींचा सत्कार करतात. गावोगावी होणारे हे मेळावे या बाबतीत महाराष्ट्रातली सर्वात खरी गोष्ट आहेत, कारण ते कुणी आदेश काढून भरवलेले नसतात. मात्र ते शाळेपुरते राहतात आणि वीस-पंचवीस वर्षे उशिरा होतात. तोवर कित्येक शिक्षक गेलेले असतात. जे असतात, त्यांनाही उमेदीच्या वर्षांत आपले कोणते काम लागू पडते आहे हे कळायला हवे होते.

विद्यार्थ्यांचे मत घेण्याची एक पद्धत आपल्याकडे आहे, हे खरे. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असते. वीस प्रश्नांना पाच पर्यायांतून उत्तर द्यायचे आणि एकविसाव्या प्रश्नात सूचना लिहायच्या. पदवी महाविद्यालयासाठी एकूण विद्यार्थ्यांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे प्रतिसाद पुरतात. त्यातून संस्थेला गुण मिळतात. पण कोणत्या शिक्षकाने काय केले, कोणत्या कारकुनाने कुणाला सांभाळले, याचा त्यात मागमूस नसतो. सरासरी काढली की माणसे पुसली जातात.

स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गच्या हेरियट-वॉट विद्यापीठात विद्यार्थी संघटनेने स्वतःच शिक्षकांचा गौरव सुरू केला आणि तिथून ही प्रथा ब्रिटनभर पसरली. आता तिथल्या अनेक विद्यापीठांत शिक्षकांसोबत सहायक कर्मचाऱ्यांसाठीही विद्यार्थी नामांकने देतात. ती प्रथा जशीच्या तशी उचलून इथे आणावी असे मी म्हणणार नाही. मते मोजून विजेता ठरवला, की परभणीत काय होईल हे आपल्या सर्वांना माहीत आहे. ज्याच्या गावची, जातीची, गटाची मुले जास्त, त्याला मते जास्त. ज्या मराठवाड्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी सोळा वर्षे संघर्ष करावा लागला आणि १९९४ मध्ये नामविस्तारावर तो थांबला, तिथे हा धोका किरकोळ मानता येणार नाही.

धोका केवळ आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका ऑनलाइन अभ्यासक्रमातल्या एका स्त्री व एका पुरुष शिक्षकाने प्रत्येकी दोन गट शिकवले: एक स्वतःच्या नावाने, दुसरा एकमेकांच्या नावाने. गृहपाठ तपासून परत करण्याचा वेळ सगळ्यांना सारखाच होता. तरी पुरुष समजल्या गेलेल्या शिक्षकाला तत्परतेसाठी पाचपैकी ४.३५ गुण मिळाले, स्त्री समजल्या गेलेल्या शिक्षकाला ३.५५. विद्यार्थी थोडेच, ४३ होते; पण नुसता आकडा विचारला की मनातला पूर्वग्रह त्यातून किती सहज बाहेर येतो, हे पुरेसे दिसते.

म्हणून माझे म्हणणे असे, की विद्यार्थ्यांकडे गुण मागू नयेत, मत मागू नये, साक्ष मागावी. कुणी, केव्हा, काय केले आणि त्यामुळे माझे काय झाले, हे चार ओळींत लिहायला सांगावे. ‘सर खूप छान शिकवतात’ याला साक्ष म्हणता येत नाही. ‘माझे इंग्रजी कच्चे होते, मॅडमनी महिनाभर रोज एक उतारा लिहून घेतला आणि तपासून दिला’ ही साक्ष आहे. असा तपशील जातीवर किंवा गावावर रचता येत नाही. रचला तरी तो पोकळ आहे हे वाचणाऱ्याला कळते. यात पहिला-दुसरा क्रमांक नको. ज्याच्याबद्दल खरी साक्ष आली, त्या प्रत्येकाचा गौरव व्हावा.

ही साक्ष निकाल लागल्यानंतर, कॉलेज सोडताना किंवा सोडल्यावर वर्षभरात घ्यावी. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण ज्यांच्या हाती आहेत त्यांच्याविषयी शिकत असताना मोकळेपणाने लिहिता येत नाही, आणि कौतुक लिहिले तर ते गुणांसाठी असल्याचा संशय येतो. व्यासपीठ नवे उभारायलाही नको. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार प्रत्येक महाविद्यालयाच्या विकास समितीत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असतात. याच कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकांची तरतूद केली. २०१९ मध्ये त्या होणार म्हणता म्हणता पुढे ढकलल्या गेल्या. विद्यार्थ्यांचा आवाज कायद्यात आहे, व्यवहारात क्षीण आहे. वर्षातून एकदा या समितीसमोर साक्षी वाचल्या जाणे, ही त्याची छोटी पण खरी सुरुवात ठरेल.

‘मुलांना काय कळते?’ हा आक्षेप ठरलेला आहे. विषयातली खोली जोखणे हे सहकाऱ्यांचे व विद्वानांचे काम आहे, हे मान्यच. पण तास नियमित झाले का, शंका विचारल्यावर अपमान झाला का, ग्रंथपालाने पुस्तक शोधून दिले की कपाटाला कुलूप ठेवले, हे विद्यार्थ्याइतके कुणालाच कळत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, ज्याची स्थापना १९७२ ची, पेरणीची पाभर हातात कशी धरायची हे विद्यार्थ्याला अनेकदा प्रक्षेत्रावरचा मजूर शिकवतो. शेवटच्या वर्षी कृषिदूत आणि कृषिकन्या बनून हीच मुले गावोगावी शेतकऱ्यांकडे जातात, तेव्हा त्या हातांची शिकवण कामी येते. त्या मजुराचे नाव कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. विद्यार्थ्याने सांगितले नाही, तर ते कुठेच येणार नाही.

दुसरा आक्षेप: पगार घेतात, मग कौतुक कशाला? याचे उत्तर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या शेकडो तरुणांकडे पाहून द्यावे. त्यांना तासाचे पैसे मिळतात, सुटीचे नाहीत. पुढच्या वर्षी नेमणूक होईल याची खात्री नाही. रिक्त पदांमुळे अनेक विभाग त्यांच्याच बळावर चालतात, आणि पुरस्काराच्या यादीत मात्र ते नसतात. विद्यार्थ्यांच्या सहीची साक्ष अशा शिक्षकाच्या हाती द्यावी. मुलाखतीला जाताना ती जोडायची की नाही, हे त्याने ठरवावे. तिला गुण मात्र कधीही देऊ नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत शोधनिबंधांना गुण दिले आणि बनावट नियतकालिकांचा धंदा फोफावला, हे आपण पाहिले आहे. साक्षीला गुण चिकटले, की साक्षही विकत मिळू लागेल.

याला पैसा लागत नाही, शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. जिंतूर-परभणीतले एखादे महाविद्यालय येत्या निकालानंतर टीसी न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला एक कागद देऊन याची सुरुवात करू शकते. त्यावर एकच प्रश्न असावा: इथे तुमच्यासाठी कुणी काय केले? बोरीच्या मुलीला हा प्रश्न विचारणे म्हणजे, या संस्थेचे खरे काम कुठे होते हे तिला माहीत आहे, असे मान्य करणे. शिक्षण घेणाऱ्याचा एवढा मान आपल्या विद्यापीठांनी ठेवायलाच हवा.