स्वायत्त कलाकृती आणि फोडलेले थडगे

कलाकृती स्वायत्त असते, तिचे मूल्य तिच्या अंतर्गत रचनेतच शोधावे, ही मर्ढेकरांपासून मराठी समीक्षेत रुजलेली भूमिका दक्षिण इटलीतील चित्रित मृत्पात्रांपुढे नैतिक अडचणीत येते. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील अशी कितीतरी पात्रे मृतांबरोबर थडग्यांत ठेवलेली होती. पेस्तुम येथील पायथॉन या चित्रकाराचे मानले जाणारे एक पात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९८९ साली विकत घेतले. लुटीच्या संशयावरून ते २०१७ साली जप्त झाले. त्यावर गाड्यात बसलेला डायोनिसस आहे. देवता ओळखता येते, रेषेवरून चित्रकारही ठरवता येतो. पण चोरून उकरलेले पात्र कोणाच्या उशाशी होते, हे उकरतानाच पुसले जाते. मृताला दिलेली सोबत मग शैलीचा नमुना तेवढी उरते.

भिवंडी तालुक्यातील लोनाडच्या बौद्ध लेण्यात स्थिती नेमकी उलट आहे. तेथील शिल्पपट्ट खडकातच कोरलेला असल्याने जागचा हलला नाही. कथेची ओळख मात्र निर्विवाद नाही. काही अभ्यासकांना त्यात विश्वंतर जातक दिसते: मागेल त्याला हत्ती, मुले, अखेर पत्नीही देऊन टाकणारा राजपुत्र. हे वाचन चुकीचे असेल, तरी भिंत आणि दालन यांच्याशी ते पुन्हा ताडून पाहता येते. फोडलेल्या थडग्याबाबत ही दुरुस्तीच संभवत नाही. स्वायत्ततेचा सिद्धान्त लूट करीत नाही, हे मान्य. परंतु लुटलेली वस्तू अर्थाने पूर्ण आहे, असा निर्वाळा तो संग्राहकाला आयताच देतो, आणि उगमाची चौकशी न करण्यालाच रसिकता म्हणू देतो.