गवताची पेंढी आणि दिल्लीचा उंबरठा

वाशीमहून पुसदला निघालं की अनसिंग मागे पडल्यावर थोड्या वेळात जिल्हा बदलतो. बोली तीच राहते, कपाशी-सोयाबीन तेच, पाटीवर मात्र यवतमाळ येतं. ही रेघ फार जुनी नाही. १९०५ पर्यंत वाशीम स्वतंत्र जिल्हा होता आणि वाशीम, मंगरूळ व पुसद हे त्याचे तीन तालुके होते. त्या वर्षी इंग्रज सरकारने वऱ्हाडाची फेरमांडणी केली आणि जिल्हा मोडला. वाशीम-मंगरूळ अकोल्याला जोडले गेले. पुसद वणी जिल्ह्यात गेलं आणि त्या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला, पुसद मात्र परत आलं नाही. पूस नदी आजही वाशीमच्याच पठारावर उगम पावते आणि तिकडे वाहत जाते.

या रेघेमुळे आपल्या स्मरणातून एक माणूस निसटला आहे. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात लोकनायक बापूजी अणे यांनी हातात विळा घेऊन विनापरवाना गवत कापलं आणि अटक करवून घेतली. वऱ्हाडातल्या जंगल सत्याग्रहाला तिथून तोंड फुटलं. त्याच महिन्यात यवतमाळजवळ डॉ. हेडगेवार यांनीही जंगलाचा कायदा मोडला. वाशीमच्या स्वातंत्र्यलढ्याबद्दल भाषणं होतात तेव्हा हा प्रसंग कुणी काढत नाही, कारण तो ‘यवतमाळचा’ मानला जातो. पंचवीसच वर्षं आधी तो आपल्याच जिल्ह्यातला ठरला असता.

गवतच का, हे समजायला इथला भूगोल पाहावा लागतो. दांडीला समुद्र होता, वऱ्हाडाला नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात दहीहांड्याच्या खाऱ्या पाण्यापासून अकोल्याच्या कार्यकर्त्यांनी मीठ तयार केलं. घाटावरच्या वाशीम-पुसदच्या पठारावर तीही सोय नव्हती. इथल्या शेतकऱ्याची आणि सरकारची गाठ पडे ती जंगलाच्या नाक्यावर. बैल चारायचे तर चराई भरा, मोळी आणायची तर पास दाखवा, ढोर राखीव जंगलात शिरलं तर कोंडवाड्यातून सोडवून आणा. कालपर्यंत गावाचं असलेलं रान सरकारजमा झालं होतं आणि १९२७ च्या वन कायद्याने त्या ताब्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केलं होतं. ढोरांवर जगणाऱ्या तांड्यांना आणि पाड्यांना तर हा कायदा रोज टोचत होता. मिठाने किनाऱ्यावरच्या माणसाला जे सांगितलं, ते गवताने पठारावरच्या माणसाला सांगितलं. देशाच्या लढ्याला गावाच्या भाषेत आणण्याची ही हातोटी मला अण्यांच्या राजकारणातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

खरं नवल पुढेच आहे. गवत कापणारा हा माणूस कायदेभंगाचा भोक्ता नव्हता. माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीला झाला. यवतमाळला वकिली केलेले हे गृहस्थ टिळकांचे निष्ठावंत अनुयायी होते आणि टिळकांच्या पश्चात गांधीयुगात ते थोडे अवघडूनच वावरले. अमृतसरच्या १९१९ च्या अधिवेशनात टिळकांनी प्रतियोगी सहकारितेचा विचार मांडला होता. सरकार जेवढं पुढे येईल तेवढं आपण पुढे जायचं, ते अडेल तिथे आपणही अडवायचं. १९२५ मध्ये अमरावतीच्या श्रीपाद बळवंत तांबे यांनी मध्य प्रांत सरकारात मंत्रिपदाच्या तोडीची जागा स्वीकारली, सरकारी पद न घेण्याचं धोरण असलेल्या स्वराज्य पक्षात वादळ उठलं आणि १९२६ मध्ये जयकर, केळकर, मुंजे, अणे यांनी वेगळा प्रतिसहकार पक्ष काढला. त्या घडामोडींत अकोला केंद्रस्थानी होतं. सत्तेच्या मोहाने टिळकांचं नाव पुढे करणारी मंडळी, असा शिक्का त्यांच्यावर बसला.

हा शिक्का सर्वांनाच लागू पडतो असं मला वाटत नाही. अण्यांना तर नाहीच. १९२८ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या समितीत बसून भारताच्या घटनेचा आराखडा तयार करणारा हा सभासद दोन वर्षांनी मध्यवर्ती कायदेमंडळाची जागा सोडतो आणि विळा घेऊन रानात जातो. विधिमंडळ आणि तुरुंग या त्याच्या लेखी परस्परविरोधी जागा नव्हत्या. वकील एखादा दावा कोर्टात लढवतो, दुसरा आपसात मिटवतो. निवड दाव्यावर ठरते, वकिलाच्या स्वभावावर नाही. अण्यांची विचारसरणी अशी होती. १९३३ मध्ये काँग्रेसचं हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं तेव्हा सामुदायिक कायदेभंग थांबवण्याची जबाबदारीही त्यांनीच उचलली. पुढच्याच वर्षी, जमातींना वेगळे मतदारसंघ देणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्यावर काँग्रेसने ना स्वीकार ना नकार अशी भूमिका घेतली, तेव्हा मालवीयांबरोबर ते बाहेर पडले. पक्षशिस्त त्यांनी मानली, पण तिला शेवटचा शब्द कधी मानलं नाही.

या विचाराला एक भोक आहे आणि ते झाकून अण्यांचं गुणगान करणं म्हणजे त्यांच्याशी बेइमानी होईल. प्रश्नागणिक सहकार की विरोध हे ठरवायचं, तर ठरवणारा एकटा माणूस किती विश्वासार्ह? १९४१ मध्ये अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये ज्या सरकारने काँग्रेसचे नेते एका रात्रीत उचलले, त्याच सरकारच्या मंडळात ते बसले होते. त्या १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला गोळीबार झाला, जमावाने अधिकाऱ्यांना ठार केलं, आणि नंतर गावात शिरलेल्या शिपायांनी बायाबापड्यांवर जे केलं त्याने अवघा विदर्भ थरारला. चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी दिल्लीला गेले आणि नोव्हेंबरात अण्यांच्याच घरी उपोषणाला बसले. चिमूर काही परमुलखात नव्हतं. वणीहून ते फार दूर नाही. विदर्भाच्या आयाबहिणींची दाद मागायला आलेला एक संन्यस्त वृत्तीचा माणूस विदर्भाच्याच लोकनायकाच्या उंबरठ्यावर उपाशी बसला, आणि लोकनायक खुर्ची सोडून उठले नाहीत. भन्साळींना तिथून हलवण्यात आलं. त्यांचं उपोषण त्रेसष्ट दिवस चाललं.

या प्रसंगाचं समर्थन मला करता येत नाही. आत राहून काही साधता येईल, असं त्यांना वाटलं असेल. आत राहणाऱ्या प्रत्येकाला तसं वाटतंच. पण १९३० मध्ये ज्या माणसाने गवताच्या पेंढीत लोकांचा अपमान ओळखला, त्याला १९४२ मध्ये चिमूरचा अपमान ओळखायला एवढा वेळ लागावा? फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचं उपोषण आरंभलं आणि सरकार त्यांना सोडेना, तेव्हा होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह अण्यांनी राजीनामा दिला. तो राजीनामा खरा होता, त्याला किंमत होती. पण त्याच वर्षी ते सिलोनला हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले, हेही त्याच माणसाचं पाऊल होतं.

म्हणून मी अण्यांना पुतळ्याच्या चौथऱ्यावर बघत नाही. मी त्यांना एका अवघड प्रयोगाचा कर्ता मानतो. नुसता विरोध हीच निष्ठा आणि नुसतं सत्तेत असणं हेच कर्तृत्व, या दोन सोप्या वाटा सोडून त्यांनी तिसरी वाट धरली. त्या वाटेवर कुंपण नव्हतं आणि ते चुकलेही. स्वातंत्र्यानंतर घटना समिती आणि बिहारचं राज्यपालपद झाल्यावरही त्यांनी स्वतंत्र विदर्भाचा आग्रह सोडला नाही. १९६२ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, नागपुरातून अपक्ष म्हणून ते लोकसभेत निवडून गेले. त्याच काळात टिळकांवर संस्कृतात महाकाव्य लिहीत होते. २६ जानेवारी १९६८ रोजी ते गेले. त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात, १९७३ साली.

आमच्या भागात गावाच्या चराईच्या जमिनीला आजही ई-क्लास म्हणतात. तो शब्द वऱ्हाडातल्या इंग्रजी कारभाराचाच अवशेष आहे. त्या जमिनीवरच्या अतिक्रमणाचे, गुरांच्या वाटांचे तंटे ग्रामसभेत येतात तेव्हा १९३० चा विळा मला आठवतो. वाशीमच्या शाळांमध्ये जिल्ह्याचा इतिहास शिकवायला कधी छोटं पुस्तक झालं, तर १९०५ ची रेघ पुसून पुसदचा तो दिवस त्यात यावा. आणि त्याच पानावर, खाली, भन्साळी ज्या उंबरठ्यावर बसले तोही यावा. मुलं विचारतील, हे दोन्ही एकाच माणसाचं कसं? गुरुजींनी उत्तर देण्याची घाई करू नये.