भिंतीलगतचे पाणी

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग घडवणाऱ्या कारखान्यांच्या तपासणी कक्षात रफनेस टेस्टर हे छोटेसे यंत्र हमखास भेटते. हिऱ्याचे सूक्ष्म टोक धातूवरून काही मिलिमीटर सरकते आणि पडद्यावर आकडा उमटतो : 0.8 किंवा 1.6 मायक्रॉन. ‘आरए (सरासरी खडबडीतपण) किती आला?’ हा तिथला रोजचा प्रश्न. 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्याभोवती पुरवठादार वाढले आणि पृष्ठभाग वाचण्याची शिस्त या परिसराच्या अंगवळणी पडली.

हे यंत्र पृष्ठभागाचे चढउतार सांगते. त्यावरून पाणी किंवा हवा वाहू लागली तर तो तिला किती अडवील, हे त्या आकड्यातून कळत नाही. घर्षण एकट्या धातूत नसते, एकट्या पाण्यातही नसते. दोघांची गाठ पडते तिथे ते जन्मते आणि वेग बदलला की बदलते. वाळूजच्या कारखान्यांना आणि छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीहून पाणी आणणाऱ्या जलवाहिन्यांचा विचार करताना मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

शहर जायकवाडीच्या नाथसागर जलाशयापेक्षा सुमारे 100 मीटर उंचावर आहे. पाणी चढवायला वीज लागते, हे सगळ्यांना दिसते. पण नळ अगदी सपाट जमिनीवरून टाकला असता तरीही पंप चालवावाच लागला असता. शहराच्या जुन्या जलवाहिन्यांपैकी मोठी 1400 मिलिमीटर व्यासाची आहे. तिच्यातून सेकंदाला 1 मीटर वेगाने पाणी वाहते आणि नळ फार जुनाट झालेला नाही, असे धरून हिशेब केला. नळाच्या आतल्या प्रत्येक चौरस मीटरवर पाण्याची ओढ निघते जवळपास 2 न्यूटन, म्हणजे 200 ग्रॅम वजनाइतकी. तळहातावर सहज पेलावे एवढेच बळ. पण वाट 40 किलोमीटरची. त्या लांबीभर हीच ओढ साठत गेली, की पंपाला चढाव्यतिरिक्त आणखी 23 मीटर उंचीइतका दाब द्यावा लागतो. उंचीचा खर्च नकाशावर वाचता येतो. हा खर्च भिंतीलगत, अंधारात, अखंड होत राहतो.

व्यासाचा हिशेब तर थक्क करणारा आहे. तेवढेच पाणी 1400 ऐवजी 700 मिलिमीटरच्या नळातून न्यायचे म्हटले, तर घर्षणाचा गुणक तोच धरूनही दाबाचा ऱ्हास 32 पट होतो, कारण तो व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो.

नळाच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. दोन ठिकाणी प्रेशर गेज लावले, पातळीतला फरक वजा केला, की मधल्या भिंतीची सरासरी ओढ साध्या गणिताने हाती येते. जहाजाच्या तळाला किंवा विमानाच्या पंखाला ही सोय नाही. तिथे आकारामुळे होणारा अडथळा आणि पृष्ठभागाची ओढ एकमेकांत मिसळलेली असतात. विल्यम फ्रूड यांनी 1870 च्या दशकात इंग्लंडमध्ये टॉर्की येथे पाण्याच्या लांब हौदातून पातळ फळ्या ओढून ती वेगळी काढली. कुठे वार्निश, कुठे कापड, कुठे वाळू चिकटवून त्यांनी प्रत्येक फळीची ओढ मोजली. फळी लांब असेल तर दर चौरस फुटामागची सरासरी ओढ कमी भरते, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढचा भाग पाण्याला आधीच आपल्यासोबत ओढू लागलेला असतो, म्हणून मागच्या भागाच्या वाट्याला कमी येते. असे का, याचे गणित 1904 साली लुडविग प्रांटल यांनी हायडेलबर्गच्या परिषदेत मांडले. भिंतीला टेकलेला पाण्याचा थर स्थिर असतो आणि त्यावरच्या अगदी पातळ सीमास्तरात वेग शून्यापासून पूर्ण प्रवाहापर्यंत चढतो. सगळे घर्षण त्या चढाच्या तीव्रतेत आहे. मग 1908 साली ब्लाझियुस यांनी सपाट पट्टीवरच्या शांत प्रवाहासाठी नेमके उत्तर काढले.

उत्तर कागदावर आले, पण पृष्ठभागावरच्या एखाद्या बिंदूवरची ओढ थेट कोण मोजणार? या प्रश्नावर ज्यांनी मन लावून काम केले त्यांत सतीश धवन आहेत. पुढे इस्रोचे अध्यक्ष झालेले हेच धवन. कॅल्टेकमध्ये हान्स लीपमन यांच्या हाताखाली त्यांनी पट्टीचा एक इवलासा तुकडा मोकळा करून लवचीक आधारावर तोलला. हवा त्याला रेसभर सरकवते आणि त्या सरकण्यातून ओढ मोजली जाते. ‘घर्षणाचे थेट मापन’ हाच विषय असलेला त्यांचा अहवाल 1953 साली ‘नाका’ (NACA) या अमेरिकेच्या वैमानिकी संस्थेने प्रसिद्ध केला. या पद्धतीची अडचण तिच्या पोटातच आहे. तुकडा मोकळा हवा म्हणून भोवती फट ठेवावी लागते आणि ती फटच प्रवाह बिघडवू शकते. तुकडा भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर राहिला, तरी वाचन खोटे पडते. पुढे पृष्ठभागावर तेलाचा थेंब पसरवून त्याच्या पातळ होत जाण्यावरून, प्रकाशाच्या पट्ट्या मोजून, ओढ काढण्याची रीत आली. मला ती सर्वांत सुंदर वाटते, कारण तिच्यात पृष्ठभागाला चीर पाडावी लागत नाही.

आता पुन्हा मायक्रॉनकडे. 1933 साली निकुराडसे यांनी गोटिंगेनमध्ये नळांच्या आत वाळूचे एकसारखे कण चिकटवून प्रयोग केले. भिंतीलगतच्या शांत थरात बुडून राहणारे खडबडीतपण पाण्याला जाणवतच नाही, हे त्यांतून स्पष्ट झाले. आपल्या 1400 मिलिमीटरच्या नळात, वर धरलेल्या वेगाला, हा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा भरतो. म्हणजे वाळूजच्या यंत्रांवर ज्या 0.8 आणि 1.6 मायक्रॉनसाठी माल परत पाठवला जातो, तो फरक या पाण्याला कळणारही नाही. गंजाच्या काही मिलिमीटर उंचीच्या गाठी मात्र त्या थराबाहेर डोकावतात. त्या माजल्या की ओढ दुप्पट होऊ शकते, आणि त्या 23 मीटरचे 46 होतात. सूत्र चुकलेले नसते. सूत्रात घातलेला पृष्ठभागच आता राहिलेला नसतो.

याच शहराने हा हिशेब विजेविना मांडलेला आहे. मलिक अंबराच्या नहरीने सतराव्या शतकाच्या आरंभी भूमिगत वाटांनी पाणी आणले आणि घर्षणाची किंमत उतारात चुकती केली. नंतरच्या काळातल्या, वेगळ्या नहरीवरच्या पाणचक्कीत उंच भिंतीवरून कोसळणारी धार म्हणजे डोंगरापासूनच्या वाटेवरचे घर्षण भागवून उरलेली उंची. तिच्यावर जाते फिरले. खापराच्या नळांचा गुणक कोणी लिहून ठेवला नव्हता, पण उतार किती राखायचा याची जाण त्या कारागिरांना नक्की होती, नाहीतर धार पडलीच नसती.

नव्या योजनेतली जलवाहिनी 2500 मिलिमीटर व्यासाची आहे. तिची चर्चा होते ती दिवसाला किती लिटर, किती दिवसांआड पाणी, कुठे फुटले, याची. शहराला या गोष्टी हव्याच आहेत. पण नव्या भिंतीची पहिल्या दिवसाची ओढ ठरावीक अंतरावरच्या गेजांवरून, प्रवाहाच्या नोंदीसह, लिहून ठेवली जावी असे मला फार वाटते. मग दरवर्षी तेवढ्याच प्रवाहाला दोन गेजांमधला फरक किती वाढला, एवढेच पाहायचे. कोणत्या टप्प्यात आतून गाठी धरल्या आहेत, कुठे लेप सुटला आहे, कुठे एअर व्हॉल्व्ह नीट काम करीत नसल्याने हवा अडकली आहे, याचा संशय नळ न उघडता त्या त्या टप्प्यावर येऊन थांबेल आणि दुरुस्तीची पथके तिथेच पाठवता येतील.