जवळचा दगड

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत जो काळा पाषाण पायाखाली पडलेला आहे तो सोडून परप्रांतीय संगमरवर व ग्रॅनाइट आणणे हा एक प्रकारचा कृतघ्नपणा होय, असे म्हणणारे लोक आम्हांस वारंवार भेटतात. त्यांचा हेतु आम्हांस मान्य आहे. त्यांचे कारण मात्र मान्य नाही.

सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर थिजून हा पाषाण बनला, तेव्हा कृतज्ञता मागणारा अगर मानणारा कोणीच नव्हता. शिवाय मकराण्याचा संगमरवर मकराण्यास तितकाच स्वदेशी आहे. मग जवळच्या दगडाचा पक्ष आपण का घ्यावा?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस जुन्नरच्या लेण्यांत दिसते. शहराभोवतीच्या डोंगरांत 200हून अधिक लेणी कोरलेली आहेत. त्यांचे दाते सगळेच स्थानिक नव्हते. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. इतर लेखांत धान्यविक्रेते, बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणी आढळतात, यवनही आढळतात. (आपण ज्या गणपतीस नमस्कार करितो तो भिक्षूंच्या विहारात बसला आहे, हे किती यात्रेकरूंच्या ध्यानी येते कोण जाणे!) परंतु या सर्व लेण्यांत एक गोष्ट समान आहे: तेथे खाण आणि इमारत ही एकच वस्तु होय. डोंगर किती पोखरला हे लपविण्याची सोयच नाही. दुरून आलेल्या फरशीचे तसे नसते. तिच्यासाठी उजाड झालेली टेकडी घरधन्यास जन्मात दिसत नाही. आपल्या उपभोगाचा खड्डा आपल्या डोळ्यांसमोर राहावा, एवढ्याचसाठी आम्ही जवळच्या दगडाचा पक्ष घेतो.

पण मग तो खड्डा खरोखर पाहिलाही पाहिजे. आज याच पाषाणाची बहुतांशी खडी होते. ती सिमेंटात मिसळली की स्वदेशीचे व्रत पार पडल्यासारखे वाटते. पाथरवटाच्या टाकीस काम मिळत नाही ते नाहीच, आणि खडीकेंद्राची धूळ शेजारच्या पिकावर व मजुरांच्या छातीत बसते. असल्या वापरास उत्तेजन देण्यात कोणता पुरुषार्थ?

घडीव दगडाची भिंत महाग पडते, हेही खरे. पश्चिम आंबेगावातील गरीब महादेव कोळी शेतकऱ्यास तिचा उपदेश करणे निव्वळ निर्दयपणाचे होईल. तो भार शाळा, कचेऱ्या, एस.टी.ची स्थानके बांधणाऱ्या सरकारने व सधन लोकांनी उचलावा. त्याच भागात 30 जुलै 2014 रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन दीडशेहून अधिक माणसे मेली. डोंगर कशाने सुटला याविषयी वाद झाले. परंतु तेथे नवी खाण काढावयाची तर आधी उतार तपासावा, आणि खाण सरल्यावर खड्डा सुरक्षित करण्याचा खर्च दगडाच्या किमतीतच धरावा, यांत वादास जागा दिसत नाही. तसे केल्यास हा दगड आजच्याइतका स्वस्त राहणार नाही, आणि त्याच्या पुरस्कर्त्यांनी ही गोष्ट गिऱ्हाइकास अगोदरच सांगितली पाहिजे.